निघण्याची परवानगी

भात झोडून रिकाम्या झालेल्या खळ्यावर दुपारचं ऊन पसरलेलं असतं, सारवलेल्या जमिनीचा कोरडा वास येत असतो, आणि आमच्या किन्हवली गावावरून जाणारं विमान डोळ्यांना पुढे दिसतं. त्याचा आवाज मात्र मागून रेंगाळत येतो. किती निश्चिंत जातं ते! वाटतं, या निरभ्र आकाशाला कुंपण म्हणून नाहीच. पण तसं नसतं, हे मला माझ्या धाकट्या बहिणीने, सुजाताने सांगितलं. ती मुंबईला विमानतळाच्या टॉवरमध्ये नोकरी करते.

प्रवासी बसले, दारं लागली, तरी पायलटला हलता येत नाही. कोणत्या वाटेने जायचं, किती उंचीपर्यंत चढायचं, ते आधी त्याला टॉवरमधून कळवलं जातं. त्याला क्लिअरन्स म्हणतात. पायलटने ते सारं परत म्हणून दाखवायचं, ते बरोबर असल्याचं उत्तर यायचं, तेव्हा ती परवानगी पक्की. तरीही धावपट्टीच्या तोंडाशी पुन्हा थांबायचं, कारण उड्डाणाची परवानगी वेगळी! पुढे गेलेलं विमान मोठं असेल, तर त्याने मागे सोडलेले हवेतले भोवरे विरेपर्यंत लहानाने इंजिन चालू ठेवून उभं राहायचं.

हे ऐकताना विस्मय वाटायला हवा होता. वाटला तो मत्सर. खोटं कशाला सांगू? आमच्या घरात उलटंच घडलं होतं. माझी बारावी झाली आणि वडिलांनी अंथरूण धरलं, लावणीला हात कमी पडू लागले. दोन वर्षांनी सुजाताची बारावी झाली तेव्हा आई म्हणाली, "तू थांब गो, हिला जाऊ दे आधी." त्या 'आधी'नंतरची माझी पाळी कधी आलीच नाही. आज तिच्या एका शब्दावर शेकडो माणसं आभाळात चढतात, आणि माझ्या शब्दाने कोंबड्यासुद्धा खुराड्यात जात नाहीत.

एक शब्द तेवढा माझ्या वाट्याला आला. आमच्याकडे निघणारं माणूस 'येते' म्हणतं, घरातल्या थोराने 'ये' म्हणायचं, मगच उंबरा ओलांडायचा. आई होती तोवर ते तिचं काम होतं. वडील तिच्याआधीच गेले होते; तीही गेल्यावर घरात थोरली मीच.

यंदा म्हसा गावच्या जत्रेला सुजाता रजा काढून आली. माझ्यासाठी तिने घोंगडी घेतली, तीही निवडून, हात फिरवून. दुसऱ्या दिवशी दुपारी पिशवी खांद्याला लावून ती दारात उभी राहिली.

"येते ताई."

मी तांदूळ पाखडत राहिले. ऐकू आलं होतं. मुद्दाम बोलले नाही. थांबू दे हिलाही जरा, असं एक दुष्ट सुख मनात तरळून गेलं. ती घुटमळली, पुन्हा "येते गो" म्हणाली आणि चालू लागली. थोड्या वेळाने शहापूरच्या बसचा हॉर्न वाजला, बस गेली. सूप माझ्या हातात तसंच राहिलं. इतकी कशी मी क्षुद्र झाले!

तेवढ्यात अंगणात सावली हलली. सुजाता परत आली होती, घामाघूम.

"काय राह्यलं?" मी विचारलं.

"तू 'ये' म्हनली नाय."

"म्हनून बस सोडलीस? नि ड्युटी?"

"सकाळची हाय. तीनची गाडी चालंल." ती ओट्यावर बसली. "आय गेली तवापासून तूच सोडतेस ना मला? मंग पाय कसा उचलंल?"

मी तिला पाणी दिलं. तीनच्या बसला मी स्वतः नाक्यापर्यंत गेले.

"येते ताई."

"ये."

"'ये' म्हनलीस," ती म्हणाली. सवयीने, की मुद्दाम?

"बरोबर," मी म्हटलं, आणि ती चढली.

मत्सर गेला का? नाही, तो अजून आहे. बस वळणाआड झाली तेव्हा वर एक विमान चाललं होतं. त्याला जाऊ देऊन धावपट्टीच्या तोंडाशी कुणीतरी इंजिन चालू ठेवून उभं असेल, हे मला त्याचा आवाज पोचण्याआधीच आठवलं.