चोपडं ताट

कवडूभाऊंची आणि माझी ओळख थोबाडीतूनच झाली. आलापल्लीला सागाचे ओंडके नेणारा ट्रेला उभा होता. तो ओढणाऱ्या पुढच्या गाडीला सगळे घोडा म्हणायचे. घोड्याच्या पाठीवर जाड लोखंडी ताट असतं, त्यावर ट्रेला टेकतो आणि फिरतो. मी त्या ताटाला ग्रीस फासून शाबासकीची वाट पाहत होतो. भाऊंनी बोट फिरवलं, अंगठ्याने चोळलं आणि त्याच काळ्या हाताने माझ्या गालावर वाजवली.

"जुन्या मातीवर नवं लावलं काऊन बे? हे ग्रीस नाई, कानस होय!"

नववी सोडून कोकणातून इतक्या लांब आलेल्या मला ट्रेला शिकवायला दुसरं कोणीच तयार नव्हतं. भाऊ शिकवायचे, पण गिअर चुकला की पाना पाठीत बसायचा. एका हमालाने ताटावर तंबाखूचा खर्रा थुंकला, तर त्याचं डोकं त्यांनी त्याच ताटावर आपटलं. "जेवाच्या ताटात थुकते का बे तू?" मग रक्त पुसून नवं ग्रीस लावलं.

"सुकं ताट फिरत नाई," ते म्हणायचे. "घोडा वळते, ट्रेला सरळ जाते. वळाचं असन त चोपडं राहा लागते."

एकदा धीर करून विचारलं, "मग तुम्ही एवढे सुके कसे, भाऊ?"

"मी कुठी वळतो बे?" म्हणाले आणि खदखदून हसले.

एका बाजाराच्या गावात, वळणावर, गाडी मी चालवत होतो, भाऊ शेजारी बसले होते. हॉर्नला बुजून एक बैल दावं तोडून ट्रेल्याच्या मागच्या चाकांखाली आला. मी गाडी थांबवली, तेव्हा तो अजून पाय झाडत होता. माणसं काठ्या घेऊन धावली. काच फुटली. "डायवरले ओढा खाली!"

माझे हात स्टिअरिंगलाच चिकटले. भाऊंनी माझा शर्ट टराटरा फाडला, सीटखालचा डबा काढला आणि मुठी भरभरून ग्रीस माझ्या केसांना, मानेला, दंडांना फासलं.

"हे काय करताय, भाऊ?"

"सुक्याले धरतेत बे, चोपड्याले नाई. पळ!"

त्यांनी लाथ घालून मला खाली ढकललं. अंगावर हात पडले आणि सटकले. एक काठी खांद्यावर बसली. सागात शिरताना मागे पाहिलं, तर भाऊ घोड्याच्या पायरीवर उभे होते.

"गाडी मी चालवत होतो! या, कोन येते!"

गर्दी तिकडे वळली.

गडचिरोलीच्या दवाखान्यात त्यांचा चेहरा ओळखू येत नव्हता. मी रडतच विचारलं, "तुम्ही का नाही लावलं, भाऊ?"

"डबा सरला होता बे," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी गेले.

पुढे पोलिसांकडून गाडी सोडवून आणायला मालकाने मलाच पाठवलं. सीटखाली तोच डबा होता. अर्ध्याहून जास्त भरलेला.

मी आधी ताट खरवडून लख्ख पुसलं. मगच डब्यात हात घातला.