दोन मिनिटांची भजी

सेलू स्टेशनात पॅसेंजर दोन मिनिटं थांबायची आणि तेवढ्यात मी अख्खी गाडी जेवू घालायचो. खोटं वाटत असेल तर इंजिनाला विचारा. भज्यांच्या वासानं त्याचाही पाय निघत नसे. सिग्नल पडला की फलाटावरच्या आमच्या स्टॉलवर बायको कढईत घाणा सोडायची. गाडी थांबेस्तोवर पुडे बांधून तयार. मग टोपलं खांद्यावर घेऊन मी असा पळायचो, की एकदा सुटलेली गाडीच माझ्या मागं राहिली होती.

या धांदलीत तोंडं बघायला फुरसत कुणाला? मी गिऱ्हाईक हातावरून ओळखायचो. खिडकीच्या गजातून आलेला, खडूनं पांढरा झालेला हात म्हणजे परभणीला जाणारे मास्तर. त्यांना मिरची नको. कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या म्हणजे वालूरच्या मावशी. त्यांना खरं तर मिरचीच हवी असायची, भजी आपली सोबतीला. वर्षानुवर्षं ते हात ओळखीचे झाले. माणसं बाजारात समोरून गेली असती तर मी रामराम सुद्धा केला नसता.

मग महामारी आली आणि पॅसेंजर बंद झाली. स्टॉलला कुलूप लागलं. फलाटावर गवत असं माजलं, की शेळ्या चरत चरत पार जालन्याला पोचल्या म्हणतात. मालगाड्या तेवढ्या जायच्या. आवाज आला की मी कुंपणापाशी जाऊन उभा राहायचो. डबे मोजत राहायचो उगीच. मालगाडीला खिडक्या नसतात.

थोडी मोकळीक मिळाल्यावर आम्ही जिंतूर रस्त्यावर गाडा लावला. तिथं माझे हाल विचारू नका. समोर निवांत उभ्या असलेल्या माणसाच्या हातात पुडा कोंबून मी ओरडायचो, "धरा, धरा, सुटली!" मोटारसायकल निघाली की सवयीनं तिच्या बाजूनं पळायचो. एक शेतकरी तर मला भिऊन थेट जिंतूरलाच थांबला. मी तपासणीची काडी नाकात घालायला आलोय, असं वाटलं त्याला.

धंदा मात्र चालला. चांगला चालला, हेच माझं दुखणं होतं.

"आता तो स्टॉल सोडून द्या," बायको म्हणाली. "इथं गिऱ्हाईक घंटाभर बसून खायलंय. तुमी कुणासाठी झुरायलाव?"

"त्या हातांची सय येती गं."

"कोणच्या हातांची? बांगड्यावालीच्या?"

शेवटी तिनंच शर्त घातली. पॅसेंजर सुरू होईल त्या दिवशी टोपलं रिकामं झालं, तर स्टॉल ठेवायचा. एक पुडा जरी उरला, तर स्टॉल सोडायचा आणि पुन्हा त्याचं नाव काढायचं न्हाई.

तो दिवस उजाडला. घाणा वेळेवर उतरला, गाडी आली, मी पळालो. सगळ्या काचा बंद! काचेमागं मास्क, मास्कवर भ्यालेले डोळे. "गरम भजी!" म्हणून मी असा ओरडलो, की पाथरीची माणसं दचकली असतील. एक हात बाहेर आला नाही. मिनिट गेलं. मी पहिल्यांदाच पळायचा थांबलो.

तेवढ्यात मागून बायको आली. जन्मात कधी गाडीच्या वेळेला कढई सोडली नव्हती तिनं. माझ्याकडं एकदा बघितलं आणि तडक डब्यात चढली. खिडकीची काच वर सारली, पिठानं भरलेला हात बाहेर काढला. "ओ भजीवाले! लय दिवसांनी दिसलाव. द्या एक पुडा, मिरची जास्त!"

तिनं मास्क हनुवटीवर ओढून मचामचा खायला सुरुवात केली. शेजारची काच वर गेली. मग पुढची. हात बाहेर यायला लागले. मी वाटत सुटलो आणि डोळ्यांनी खडूचा हात शोधत होतो. तो नव्हता. हिरव्या बांगड्याही नव्हत्या. सगळे नवे हात, औषधी पाण्याचा वास येणारे, पुडा घेऊन झटकन आत जाणारे.

शिट्टी झाली. बायको अजून आतच!

"अगं, उतर!"

"उरले किती?"

"चार!"

"इकडं द्या ते!"

"अगं, पण शर्त—"

"द्या म्हणते न्हाई का!"

मी गाडीसोबत पळत चारी पुडे तिच्या ओंजळीत टाकले. गाडी तिला घेऊन गेली, विनातिकीट. मी रिकामं टोपलं घेऊन फलाटाच्या टोकाला उभा, ती दिसेनाशी होईपर्यंत.

ती दुपारी टमटमनं परत आली.

"चारी विकले?"

"दोन विकले. दोन मी खाल्ले. भूक लागती का न्हाई माणसाला?" तिनं हात धुतले, पदर खोचला आणि स्टॉलमधली विळी पुढं ओढली. "कांदे आणा. का संध्याकाळच्या गाडीला असंच बसायचंय?"