निळी पडलेली क्रँक

मिस्त्रींनी जुन्या मोटारसायकलच्या इंजिनाचे दोन भाग उकलले आणि आतला फिरता दांडा, म्हणजे क्रँक, माझ्या हातात ठेवली. बेअरिंगपाशी पोलाद भाजून निळं पडलं होतं.

"कुणीतरी नुसत्या पेट्रोलवर पळवलीय," ते म्हणाले. "टू-स्ट्रोकच्या पेट्रोलात ऑइल मिसळावं लागतं. नाहीतर आत सगळं कोरडं."

गाडी माझ्या धाकट्या भावाची. मातीतल्या शर्यतीत ऐन वळणावर ती जाम झाली आणि तो पडला. "गाडी पिळायची सवयच आहे त्याला," असं मी तेव्हा घरभर सांगत होतो. आदल्या दिवशी ती मागून नेली होती मीच. उपकार केल्यासारखी टाकी भरून परत दिली. ऑइलचं माझ्या गावीही नव्हतं.

इतकी वर्षं अंगणात ती बाहेरून धडधाकट दिसायची. मीही तसाच दिसत आलो. भावानं मात्र तो दोष मुकाट्यानं स्वतःचा मानला.

"नवी क्रँक बसवू," मिस्त्री म्हणाले. "एका किकमध्ये सुरू होईल. भावाला घेऊन या."

किक उजव्या पायानं मारावी लागते. भावाचा तोच पाय गुडघ्यात वाकत नाही.