रॉनीच्या पहिल्या मिस्सेचा झगा

हसणार नसाल तर सांगते. नाही, हसालच तुम्ही, मला माहीत आहे. हसा, पण आधी चहा खाली ठेवा. मी जो पराक्रम करून बसले आहे ना, त्यामुळे एका अख्ख्या चर्चमधल्या बायका आजही मला बघितलं की आवाज खाली आणून बोलतात.

तर झालं असं. वर्तकनगरात आमच्या समोरच्या दारात फिलूताई राहते. नाव फिलोमिना, पण एवढं लांब कॉलनीत कोण म्हणणार? तिचा मुलगा रॉनी माझ्याच घरी वाढला म्हणा ना. ती नोकरीवर जायची आणि हा शाळेतून आला की माझ्याकडे वरणभात खाऊन पसरायचा. तोच रॉनी शिकून शिकून चक्क फादर झाला. ज्याचं नाक मी पदराने पुसलं, त्याला आता फादर म्हणायचं. माझ्या तोंडून आपलं 'अरे फादर' असंच निघायचं.

त्याची पहिली मिस्सा, म्हणजे फादर झाल्यावर त्याने सांगायची पहिली मोठी प्रार्थना, आमच्या इथल्याच चर्चमध्ये ठरली. मिस्सेच्या वेळी फादर सगळ्या कपड्यांवरून एक बिनबाह्यांचा रुंद झगा घालतात. फिलूताईने तो आपल्या लग्नाच्या साडीतून शिवून घेतला होता. मोतिया रंगाचं रेशीम आणि सोनेरी काठ. रॉनीच्या पप्पांनी ती साडी स्वतः निवडून आणली होती. ते जाऊन बरीच वर्षं झाली. "पप्पा नाहीत, तर त्यांची साडी तरी पोराच्या अंगावर असू दे," एवढंच तिचं म्हणणं होतं.

झगा शिवला कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी. आदल्या दिवशी दुपारी फिलूताई तो घेऊन माझ्याकडे आली, कारण फॉल-पिकोपासून ब्लाउजपर्यंत कॉलनीचं सगळं शिवणकाम माझ्याकडे असतं.

"सुनंदा, खालून अस्तर जरा लोंबतंय गो. दोन टाके घाल फक्त."

फक्त. हा शब्द मी नीट ऐकायला हवा होता. पण रुमालाला टीप मारायला दिली तर त्याला खिसा लावून परत देणारी बाई मी!

दोन टाके घातले. मग झगा उलगडून बघते तर काय, दोन्ही बाजू सताड उघड्या. पुढचा भाग सुटा, मागचा सुटा, मध्ये नुसतं डोकं घालायला भोक. म्हटलं, बघा, सिस्टरांच्या घाईत बाजूची शिवण राहूनच गेली. उद्या पोरगं एवढ्या लोकांसमोर असं उघडं उभं राहणार होतं.

विचारावं ना माणसाने? समोर तर दार. पण फिलूताईकडे वसईहून पाहुणे आलेले, तिला कशाला आणखी त्रास? बसले मशीनवर. हात घालायला बेताची जागा सोडली आणि दोन्ही बाजू खालपर्यंत शिवून टाकल्या. बारीक टाका, वर डबल शिवण.

माप बघायला घरात एकच पुरुष, आमचे हे. खोपटच्या एसटी डेपोतून दमून आलेले, त्यांना तसंच आरशासमोर उभं केलं.

"हात वर जात नाहीत गं," हे म्हणाले.

"तुम्हाला कशाला वर करायचेत?"

"मला नाही. रॉनीला."

"तो काय बसचा दांडा धरणार आहे? फादर आहे तो. हात जोडूनच उभा राहणार."

ह्यांनी झगा काढून माझ्या हातात दिला. माझ्याशी वाद घालून काय होतं ते त्यांना चांगलं माहीत आहे. मी झग्याला इस्त्री केली, सुरेख घडी घातली आणि पिशवीतून देऊन आले. बाजूंचं मुद्दामच बोलले नाही. उद्या अंगात घालेल तेव्हा कळेलच त्यांना सुनंदा काय चीज आहे, असा माझा विचार.

कळलंच.

रविवारी चांगली साडी नेसून दुसऱ्या बाकावर जाऊन बसले. दाराशी पाहुणे फादर लोक झगे घालून रांगेत उभे होते. एकांचा झगा वाऱ्याने उडाला. बघते तर बाजू उघडी. दुसऱ्यांची बघितली, तीही उघडी. तिसऱ्यांनी ओळखीच्या कुणाला तरी हात केला, तर झगा एकदम खांद्यापर्यंत उचलला गेला. आता मला सांगा, सगळ्याच फादरांच्या सिस्टरांना घाई कशी होईल?

तेवढ्यात फिलूताई आतून धावत आली. "सुनंदा, आत चल. रॉनी अडकलाय."

वेदीच्या बाजूला कपडे बदलायची खोली असते. तिथे रॉनी मधोमध उभा. डोकं बाहेर, एक हात बाहेर आणि दुसरा आत कोपरात दुमडलेला. ओढायला जावं तर जुनं रेशीम करकरत होतं.

चर्चचे मोठे फादर म्हणाले, "जाऊ दे रॉनी, हा हळूहळू काढू. कपाटात दुसरे आहेत, त्यातला घाल."

फिलूताई दाराआडच्या खुर्चीवर बसली आणि हातातल्या रुमालाची घडी घालत राहिली. त्यापेक्षा तिने मला दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"फादर, दहा मिनिटं द्या," मी म्हटलं. "मी शिवलंय, मीच उसवते."

छोटी कात्री माझ्या पर्समध्ये कायम असते. मोठे फादर कॉयरला अजून एक गाणं घ्या म्हणून सांगायला गेले. मी रॉनीच्या पायाशी गुडघे टेकले, हात झग्याखाली घातले आणि अंगावरच शिवण उसवायला घेतली. टाके असे घट्ट की विचारू नका. जरा जोर लावला तर साडी फाटेल, पण टाका सुटणार नाही. डोळ्यांना धार लागली होती.

"माझं चुकलं रे फादर," मी रडत रडत म्हणत होते. "कुणाला न विचारता केलं. फार मोठी चूक झाली माझ्या हातून. मला माफ कर."

"असू दे मावशी." रॉनीने मोकळा हात माझ्या डोक्यावर ठेवला. "देवाला कळतं सगळं."

नेमकं तेव्हाच दार उघडलं. रोझी आंटी! चर्चमध्ये पान हललं तरी जिला कळायला हवं, ती बाई. उशीर का होतोय ते बघायला आलेली. तिला दिसलं काय? नवे फादर उभे, त्यांच्या पायाशी एक बाई गुडघ्यावर, रडतेय, माफी मागतेय, आणि फादरांचा हात तिच्या डोक्यावर. दाराआडची फिलूताई दिसली नाही, झग्याखालची कात्री तर नाहीच नाही. आंटीने कपाळापासून छातीपर्यंत क्रुसाची खूण केली आणि दार हळूच ओढून घेतलं.

कॉयरची गाणी संपली, मग तीच पहिल्यापासून सुरू झाली. अर्ध्या तासाने शेवटचा टाका निघाला. साडीला ओरखडासुद्धा नाही.

मी लाल डोळ्यांनी बाहेर आले तर अख्खं चर्च माझ्याकडे बघतंय. मला वाटलं, शिवणीचं फुटलं वाटतं. मान खाली घालून फिलूताईशेजारी बसले.

मिस्सा सुरू झाली आणि रॉनीने प्रार्थनेला दोन्ही हात वर केले. साडी दोन्ही बाजूंनी अलगद उघडली, सोनेरी काठ पुऱ्या रुंदीने दिसला. फिलूताईने माझा हात घट्ट धरला. "बघ सुनंदा, पप्पा आले त्याचे," ती म्हणाली. मग मला कुठलं आवरतंय? हुंदके देऊन रडले. मागच्या बाकावरच्या बाईने माझ्या पाठीवरून हात फिरवला. किती मायाळू लोक आहेत, असं मला वाटलं.

जेवणाच्या वेळी रोझी आंटी स्वतः माझं ताट घेऊन आली.

"मन मोकळं झालं ना? बरं केलंस. इतकी वर्षं आत ठेवून काय मिळालं गो तुला?"

"काय आत ठेवून?"

"मला नको सांगू. कन्फेशन आहे ते, फादर आणि देव, दोघांतच राहायला पाहिजे." मग जवळ सरकून, "पण अर्धा तास म्हणजे पाप मोठंच असणार. बिचाऱ्या रॉनीचं पहिलंच कन्फेशन, आणि इतकं अवघड."

"अहो, मी आत झगा उसवत होते!"

"हो हो," आंटी समजुतीने म्हणाली. "तसंच सांग सगळ्यांना."

आजूबाजूच्या बायकाही माना डोलवायला लागल्या. मी तशीच तरातरा रॉनीकडे गेले. "अरे फादर, सांग ना ह्यांना, मी आत काय करत होते ते."

रॉनीने ताट खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं, मग माझ्यामागे जमलेल्या बायकांकडे बघितलं. चेहरा एकदम गंभीर केला.

"सॉरी मावशी. कन्फेशनमधलं बाहेर बोलायची आम्हाला परवानगी नाही."

बायकांनी एकसाथ सुस्कारा सोडला. आणि आमच्या ह्यांनी मला हाताला धरून बाजूला नेलं, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "झग्याचं मला माहीत आहे. बाकीचं काय ते सांग."