शेपटीचा चावा

माझा थोरला मुलगा पंधराव्या वर्षी शंकरपट जिंकून घरी आला, तेव्हा त्याच्या दातांत बैलाच्या शेपटीचा केस अडकला होता. गळ्यात हार, कपाळभर गुलाल, मागे अर्धं गाव. हसायला तोंड उघडलं, तर पुढच्या दोन दातांमधून तो पांढरा केस लोंबत होता. ओवाळायला घेतलेलं ताट मी तसंच खाली ठेवलं आणि तोंडाला पदर लावला. जमलेल्या बायकांना वाटलं, आईला आनंदाने रडू फुटलं. मला उलटी येत होती.

ज्यांनी पट पाहिला नाही त्यांना सांगायला हवं. हलका छकडा, त्याला दोन बैल, छकड्यावर एकटा हाकणारा. मोकळ्या रानात सरळ पट्टा आखतात आणि त्यावरून जोड्या पळवतात. ज्याची जोडी लवकर पोचली तो जिंकला. ऐकायला अगदी निरुपद्रवी खेळ. पण सगळी मेख सुटण्यात असते. बैल जागच्या जागी उसळून सुटला पाहिजे. त्यासाठी पराणीच्या, म्हणजे बैल हाकायच्या काठीच्या, टोकाला अणकुचीदार खिळा ठोकतात. शेपूट ओल्या धोतरासारखं पिळतात. तेवढ्यानेही मन भरलं नाही, तर शेपटीचं हाड दाढेखाली धरून कचकन चावतात. चांगली घरंदाज, पागोटं बांधणारी माणसं हे करतात, आणि संध्याकाळी त्याच तोंडाने गणपतीची आरती म्हणतात. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा हे ऐकून मला वाटलं होतं, कोणीतरी नव्या सुनेची थट्टा करतंय.

ही महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. आमचं गाव केनवडच्या अलीकडे, जमीन काळी, घरात खाणारी तोंडं मोजकी. दोन मुलगे. थोरला नववीत आणि धाकटा सातवीत, दोघांची शाळा तालुक्याच्या गावी. रोज जायला-यायला दमणी. दमणी म्हणजे माणसांची हलकी, छपराची गाडी. पहिली काही वर्षं गडी पोचवायचा. थोरला नववीत गेला तसा हट्ट धरून बसला, मी हाकणार. मालक, म्हणजे या मुलांचे वडील, लगेच हो म्हणाले. इंग्रजीचं पुस्तक हातात धरायला सांगितलं की याच मुलाचे हात दुखायचे.

दमणीचे बैल आमच्या घरचे. त्यातला पांढरा माझ्या हातचा. त्याची माय त्याला जन्म देऊन आठवड्याच्या आत मेली, तेव्हा चिंधी दुधात बुडवून मी त्याला पाजलं. थोरला तेव्हा पाटी घेऊन गावच्या शाळेत जायचा. घरी आला की माझ्याकडे न येता आधी वासराकडे पळायचा, त्याच्या कानात काहीबाही सांगत बसायचा. दमणी हाकायला लागला तेव्हाही त्याला पराणी लागत नसे. जिभेने टिचकारी दिली की पांढरा चालू लागे, आणि त्याच्याकडे बघून जोडीचा तांबडाही. धाकटा मागे बसून पुस्तक वाचत असे. दमणी वेशीबाहेर जाईपर्यंत मी दारात उभी राहत असे. तेवढे चार महिनेच मला माझी मुलं निखळ आवडली, असं आज म्हटलं तरी चालेल.

मग सहामाहीचे मार्क आले. थोरला इंग्रजीत, गणितात आणि भूगोलात नापास. मी मालकांपुढे कागद ठेवला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "मास्तर मंते, पोराचं ध्यान नाई. मंग असते कुठी त्याचं ध्यान?"

"बैलात," मी म्हणाले.

मला वाटलं आता रागावतील. तर हा माणूस खुलला! म्हणाला, "बैलात हाय ना? मंग माह्यं पोट्टं हाय ते. यंदा पटात उतरवतो त्याले."

"अजी, नववीची परीक्षा हाय. पट अन् परीक्षा एकाच टायमाले येते."

"परीक्षा दर साली येते."

"पट बी दर साली येते."

त्यावर ते नुसते हसले. बायको बरोबर बोलली की हसून सोडून द्यायचं, हे त्यांनी त्यांच्या वडिलांकडून उचललं होतं.

त्या दिवसापासून आमच्या गोठ्यामागे संध्याकाळी बैठक भरू लागली. मालक, त्यांचे दोन चुलतभाऊ आणि मध्ये माझा मुलगा. तंबाखूच्या पिचकाऱ्या, घाणेरडी बोलणी आणि शिकवण. पराणी कुठे टोचायची. शेपूट कुठल्या गाठीपाशी पिळायचं. सुरुवातीला थोरला मागे सरायचा. "दुखते ना त्याले," असं त्याला म्हणताना मी स्वतः ऐकलं, चुलीपाशी बसून. त्यावर तिघे इतके हसले की एकाला ठसका लागला. "बायकोवाणी बोलून राह्यला हा!" पंधरा वर्षांच्या मुलाला एवढं पुरतं. आठ दिवसांत तो त्या तिघांहून मोठ्याने हसायला लागला. टिचकारी बंद झाली. दमणीतून शाळेत जातानाही खिळ्याची पराणी हातात. धाकटा घरी येऊन मला हळूच सांगायचा, "दादा लय टोचते, माय," आणि दादाने डोळे वटारले की गप्प व्हायचा.

वार्षिक परीक्षेत गणिताचा पेपर आणि पट एकाच दिवशी आले. मी आदल्या दिवशी थोरल्याचे कपडे धुतले, टोपी खळ देऊन ठेवली. सकाळी उठून पाहते तर टोपी खुंटीला आणि मुलगा रानात.

पुढचं वर सांगितलंच. हार, गुलाल, बक्षिसाची पितळी घागर आणि दातांतला केस.

त्या रात्री त्याला मी जेवायला वाढलं नाही. "या तोंडानं माह्या हातचं खायाचं नाई," म्हणाले. "जनावराच्या हगवणीत तोंड घातलं तू. घाण तोंड घेऊन माह्या चुलीपाशी येऊ नको." मालक माझ्यावर धावून आले. आख्ख्या पंचक्रोशीत नाव झालं आणि ही बाई तोंड-तोंड करत बसली! मी हटले नाही. पोरगा विहिरीवर गेला, राखेने दात घासून आला, कडुनिंबाची काडी चावून आला. तरी मला त्याच्याकडे बघवेना.

सकाळी गोठ्यात गेले. पांढरा उभा होता, शेपूट हलत नव्हतं. शेपटीच्या मधोमध मांस फाटून हाड उघडं पडलं होतं आणि खालचा गोंडा नुसता लोंबत होता. दोन दिवसांनी त्यात किडे वळवळू लागले. वास असा, की गोठ्याच्या दारातच नाकाला पदर लावावा लागे. त्या बैलाला माशी हाकलायलाही शेपूट उरलं नव्हतं. अंगावर माश्या बसायच्या आणि तो नुसती कातडी थरथरवायचा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी थोरल्याला दंडाला धरून ओढत आणलं. सीताफळाचा पाला वाटून हातात दिला. म्हटलं, "आता याच्यातले किडे काढ. बोटानं काढ. मंग हे भर."

त्याने काढले. पहिल्या दिवशी तिथेच ओकला. दुसऱ्या दिवशी डोळ्यांत पाणी आणून काढले. मी शेजारी उभी होते आणि खोटं का सांगू, मला बरं वाटत होतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो न बोलावता गेला. एकदा मी लांबूनच पाहिलं, तर पांढऱ्याच्या मानेवर कपाळ टेकून उभा होता. मी परत फिरले. मनात म्हटलं, आलं माझं लेकरू परत.

शेपटीचा खालचा तुकडा शेवटी गळून पडला. जखम भरली. त्या दिवशी मी थोरल्याला पाटावर बसवून गरम पोळी वाढली. तो आपणहून म्हणाला, "माय, तुह्या पायाची आण. मी पुन्हा बैलाच्या शेपटीले तोंड लावणार नाई."

निकाल लागला. अर्थातच नापास. मालकांनी दमणी जुंपली, आमच्या घरच्या तुपाचा डबा आत ठेवला आणि तालुक्याला गेले. परत आले तेव्हा डबा नव्हता आणि मुलगा दहावीत होता. म्हणे मुख्य गुरुजींनीच पटाची गोष्ट काढली, पाठ थोपटली, असं मर्दाचं पोर वर्गात मागे ठेवणं बरं नव्हे म्हणाले. ते तूप मी कढवलेलं होतं. त्या गुरुजींच्या मिशीला ते लागलेलं मला दिसत राहिलं, आणि कित्येक दिवस मला तुपाचा वाससुद्धा सोसवेना. थोरल्याला मात्र त्यात काही वावगं वाटलं नाही. "बावानं केलं. म्या कोठी मांगतलं होतं?" म्हणाला. त्या बोलण्याकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही. माझ्या कानांत अजून पायाची आण होती.

दहावीचं वर्ष चांगलं गेलं, म्हणजे मला तसं दिसलं. थोरला एकदम टापटीप राहू लागला. रोज आंघोळ, दोनदा दात, धुतलेला सदरा. पराणीचा खिळा त्याने माझ्यासमोर उपटून फेकला. चुलते गोठ्यामागे जमायचे तेव्हा तो त्यांच्यापासून लांब बसायचा, तंबाखूला हात लावत नसे. मार्क मात्र काठावरच होते. शेजारणी म्हणायच्या, "तुह्या पोरानं वळण घेतलं व." मी वरवर "कायचं वळण" म्हणायचे आणि आत सुखावायचे.

पट आला तसा तो माझ्याकडे येऊन म्हणाला, "माय, मी हाकणार हाय. पण आण लक्षात हाय माह्या." या खेपेला पट लवकर धरला होता, परीक्षा लांब होती. मी नाही म्हणाले नाही. मालक त्यावर म्हणाले, "न चावता कसा सुटीन बैल?" पोरगा शांतपणे म्हणाला, "सुटीन. तुमी पाहा तं खरं." त्या शांतपणाचा मला किती अभिमान वाटला, काय सांगू. पांढरा आता पटात चालण्यासारखा नव्हता, म्हणून तांबड्याच्या जोडीला मालकांच्या चुलतभावाचा बैल घेतला. धाकटाही हट्टाने बरोबर गेला. त्याची आठवी चालू होती, मिशीची लव फुटायला लागली होती, आणि दादा जाईल तिथे जायचं एवढंच त्याला कळत होतं.

सूर्य कलला तसे ढोल ऐकू आले. पुन्हा जिंकले होते. गाव वेड्यासारखं नाचत होतं. मी ताट घेऊन दारात उभी होते. थोरला छकड्यावरून उतरला, माझ्यासमोर आला आणि काही न सांगता त्याने आपणच तोंड उघडून दाखवलं. स्वच्छ दात. मी त्याला ओवाळलं. आयुष्यात पहिल्यांदा मी पटाला बरं म्हटलं. चुलीवर तवा ठेवला, त्याला आत बसवलं आणि पहिली पोळी त्याच्या ताटात टाकली.

"लहाना कोठी हाय?" मी विचारलं.

"इहिरीवर," तो घास घेत म्हणाला. "येईन तो."

बराच वेळ झाला तरी धाकटा येईना. मी मागच्या दाराने बाहेर गेले. तो विहिरीच्या काठावर वाकून बसला होता. चूळ भरायचा, थुंकायचा, बोट घशापर्यंत घालून खाकरायचा, पुन्हा चूळ. डोळे लाल झाले होते. मला वाटलं, उन्हाने बाधला. पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "काय खाल्लं रे?"

"काई नाई, माय. निंगत नाई वास."

"कायचा वास?"

तो माझ्याकडे बघून हसला. ओठाच्या कडेला रक्त होतं, आणि ते त्याचं नव्हतं.

मी धावत आत आले. थोरला निवांत जेवत होता. मी काही बोलायच्या आतच त्याने माझं तोंड पाहिलं आणि म्हणाला, "म्या नाई लावलं तोंड. मी तं छकड्यावर होतो, कासरा धरून. सुटताना मांगून तो होता." वर जराशा वैतागाने म्हणाला, "आण मोडली काय म्या? तूच सांग."

त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. असती तर मी त्याला मारलं असतं आणि मोकळी झाले असते. त्याला खरोखरच वाटत होतं की त्याने माझा शब्द पाळला. गेल्या साली मला त्याच्या तोंडाची किळस आली होती. आता त्याच्या स्वच्छ हाताची, धुतलेल्या सदऱ्याची, माझ्या पोळीचा नीट घास करणाऱ्या बोटांची, सगळ्या पोराचीच किळस आली. पोटच्या पोराची अशी किळस येते हे कोणाला सांगता येत नाही. ती गिळावीच लागते.

तेवढ्यात धाकटा आत आला. केस ओले, तोंड घासून लाल केलेलं. दादाच्या शेजारी पाट ओढून बसला आणि शाळेतल्या मास्तरांना दाखवावं तसं मला दात दाखवून म्हणाला, "पाह्य, निंगालं सारं. मले वाढ."

मी जागची हलले नाही. त्याला वाटलं, अजून माझी खात्री पटलेली नाही. मला धीर द्यावा तशा आवाजात तो म्हणाला, "दादा मंते, पुढच्या साली छकडा मी हाकायचा. मांगून चावाले काकाचा लहाना पोट्टा घेऊ. मंग माह्यं बी तोंड साफ राहीन, माय."