बाजाराची चौकशी

धाकटा भाऊ मारामारीच्या खटल्यात अडकला, तेव्हा धुळ्यातला सगळ्यात मुरलेला फौजदारी वकील मी लावला. सुनावणीत पाहतो, तर वकीलसाहेब डुलकी घेतायत! मी मनात म्हटलं, गेला भाऊ.

समोरच्यांनी पढवून आणलेला म्हातारा साक्षीदार म्हणाला, "काठीने केलेली सदर मारहाण मी शेतात प्रत्यक्ष पाहिली."

साहेब जांभई देत उठले आणि घरगुती अहिराणीत म्हणाले, "नाना, त्या दिन सोनगीरना बजार कसा व्हता?"

नाना खुलले. "भरेल व्हता, भाऊ! बठ्ठा दिन मी तठेच व्हतू."

दिवसभर बाजारात असलेल्याची शेतातली साक्ष कोसळली आणि भाऊ सुटला. काठी खरंच त्यानं मारली होती का, हे साहेबांनी मला कधीच विचारलं नाही.

पण अजूनही स्टँडवर भेटून ते लाडानं "कसं शे, भाऊ?" म्हणाले, की मी शुद्ध मराठीत सांगतो, "उत्तम आहे, साहेब," आणि सटकतो.