टाइट हवा

सायकलच्या दुकानदारानं तासाभरात एकदाही बढाई मारली नाही, तिथंच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. विकणारा माणूस आपल्याच मालाचे दोष सांगू लागला की समजावं, याला दुसराच कुठला तरी दोष झाकायचाय. निदान माझा असा समज आहे. विश्वास पानिपतात गेला म्हणतात, तो आमच्या घरी काही परत आला नाही.

मुलीला शेंद्र्याच्या एका कारखान्यात शिकाऊ म्हणून काम लागलं होतं. जायचं तर सायकलवर, हा तिचा हट्ट. जालना रोडच्या ट्रकांमधून मी तिला जाऊ देणार नव्हतो. म्हणून आतला रस्ता ठरला. त्यात आधी डांबर, मग तीन-चार किलोमीटर नुसता मुरूम आणि खडी. तिथं पडली तर उचलायला कुणी नाही. त्यामुळं सायकल कुठली घ्यायची हा माझ्या लेखी साधा प्रश्न नव्हता.

दुकानात मोजून तीन तऱ्हा होत्या. एक बारीक चाकांची, ती मुरमावर टिकणार नाही हे मलाही कळत होतं. दुसरी जाड चाकांची, पुढं शॉकअप. मला ती पसंत पडली. दिसायलाच दणकट. पण दुकानदार, पांढऱ्या दाढीचे चाचा, मान हलवून म्हणाले, "दिखने कू अच्छी है साब, पन डांबर पे जान खाती. बेटी कू रोज जाने का है. ये बीच वाली लेव, दोनो जगा चलती."

दोन्हीकडं चालणारी म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या, असं मी मनात म्हटलं. मग मधली सायकल उचलून पाहिली, एकेक आरा वाजवला, चाक फिरवून ब्रेकची चकती कुठं घासते का ते कान लावून ऐकलं. टायर आणि दांडीच्या मध्ये बोट जाईल एवढी फट होती. ती दाखवून मी विचारलं, हे असं का? चाचा म्हणाले, चिखल अडकू नये म्हणून. उत्तर इतकं सरळ होतं की मी आणखी सावध झालो. मुलगी तोवर दुकानाच्या दारात जाऊन उभी राहिली होती, जणू हा गृहस्थ आपला कुणी नाही.

शेवटी तिच्या हट्टापायी तीच घेतली. निघताना चाचा म्हणाले, "बस, हवा टाइट नक्को भरो. मुरूम पे चाक जरा दबना, तबी पकडता."

आता मात्र चोर सापडला. आम्ही बावीस इंची काळ्या सायकलीवर मोठे झालो. अंगठ्यानं टायर दाबायचा, दगडासारखा लागला की सायकल तयार. कमी हवेवर चालवा म्हणणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. ट्यूब जुनी असणार, भरली की फुटेल, म्हणून ही पळवाट. घरी आल्याबरोबर मी पंप काढला आणि दोन्ही चाकं टणक करून टाकली. ट्यूब फुटली नाही, पण तेवढ्यानं माझी शंका थोडीच फिटते?

रोज सकाळी मी हवा भरायचो आणि रोज संध्याकाळी चाकं मऊ होऊन यायची. आठवडाभर हाच प्रकार. मी ट्यूब काढून पंक्चरवाल्याकडं नेली. त्यानं पाण्याच्या घमेल्यात ती दोनदा फिरवली. एक बुडबुडा नाही. "काका, ट्यूब लई भारी हाय," तो म्हणाला. "हवा जात नाय, कुणीतरी सोडतंय."

कुणीतरी! मी वॉल्व्हच्या टोपणाला काळा दोरा गुंडाळला. संध्याकाळी दोरा गायब. कारखान्यातला एखादा टवाळ पोरगा? की वाटेत कुणी भेटतं हिला, थांबते ही कुठं? अलीकडं ती भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचे कुर्ते घालत होती. हेही मी मनात टिपून ठेवलं होतं. बायकोला बोललो तर ती म्हणाली, "तुम्ही स्वतःच्या सावलीचीसुद्धा चौकशी कराल." तरी दुसऱ्या दिवशी मी स्कूटर काढून मुलीच्या मागं गेलो. स्वतःच्या मुलीच्या मागं. सांगायला लाज वाटते, पण गेलो.

डांबर संपतं तिथं ती उतरली. आसपास चिटपाखरू नव्हतं. तिनं सायकल बाभळीला टेकवली, खाली बसली, टोपण काढलं आणि नखानं वॉल्व्ह दाबला. सूं आवाज माझ्यापर्यंत आला. चाक अंगठ्यानं दाबून पाहिलं, मग दुसऱ्या चाकाकडं वळली. सवयीचं काम करावं तशी.

मी जवळ जाऊन स्कूटर बंद केली. ती दचकली नाही.

"तूच सोडतेस?"

"व्हय. टाइट हवेवर खडीत चाक उडतं, पप्पा. पहिल्याच दिवशी पडले मी." तिनं बाही वर केली. कोपरापासून मनगटापर्यंत खपली धरलेली होती.

मी स्कूटरवरून उतरलो. "मग मला सांगायचं नाही का?"

"चाचांनी सांगितलंच होतं की तुमच्यासमोर. त्यांचं ऐकलं नाय, माझं ऐकलं असतं?"

"हवेचं राहू दे. पडलीस तेव्हा फोन तरी करायचास. लगेच आलो असतो."

ती दुसऱ्या चाकाचं टोपण लावत होती. ते तिनं पूर्ण घट्ट केलं.

"तुम्ही आधी दुकानदाराशी भांडायला गेले असते," ती म्हणाली आणि सायकलवर बसून निघून गेली.

मुरमावरून तिची सायकल न घसरता दूर जात होती आणि मी तिथंच उभा होतो. ओरडून तिला खोटं पाडावं असं फार वाटलं. पण आधी मी दुकानातच गेलो असतो.